कुत्रा, कोरडी भाकर आणि तुपाची वाटी

अनोळखी जिवाशी केलेल्या साध्या चांगुलपणात देव भेटतो, या विचाराचे मराठीत एक ठरलेले चित्र आहे: भाकर तोंडात धरून पळणारा कुत्रा आणि तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव. कीर्तनकार ही कथा हसतखेळत सांगतात. तिच्यात दडलेला प्रश्न मात्र सोपा नाही. कुत्र्यात विठ्ठल दिसला म्हणून नामदेव धावले, की कुत्र्याला कोरडे खावे लागेल म्हणून धावले?

परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानलेले नर्सी हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी आहे. जन्म शके ११९२ चा, म्हणजे इ. स. १२७० चा, वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. गावाने मात्र आपल्या नावालाच नामदेव जोडून ‘नर्सी नामदेव’ करून टाकले, त्यामुळे लोकांपुरता तो वाद मिटला आहे. कुत्र्याची कथा नेमकी कुठे घडली, हे विचारण्यातही फारसा अर्थ नाही. ती नामदेवचरित्रात कुठल्या कथेनंतर येते, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आधीच्या कथांत देव एका जागी आहे. लहानगा नामा नैवेद्याचे दूध घेऊन राउळात जातो, देव पीत नाही म्हणून हट्टाला पेटतो आणि देवाला प्यावेच लागते. देव आहे, तो पंढरपुरात विटेवर उभा आहे आणि तो आपला आहे, एवढे नामदेवांना पुरेसे वाटते. मग संतमंडळी जमलेली असताना गोरोबाकाका कुंभार थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहतात. बाकीचे गप्प बसतात, नामदेव चिडतात, आणि ‘हे मडके कच्चे’ असा निकाल लागतो. कच्चेपणा भक्तीच्या कमतरतेचा नव्हता. भक्ती तर सगळ्यांत अधिक होती. ती एकाच मूर्तीवर खिळली होती आणि त्या जवळिकीचा थोडा अभिमानही होता.

निकालानंतर नामदेव गुरू शोधत निघतात आणि औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे येतात. महाराष्ट्रात बारा ज्योतिर्लिंगांत आठवे मानले जाणारे हे देऊळ आजच्या हिंगोली जिल्ह्यातच आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावतात. जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे म्हातारा सांगतो. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड उभी राहते. याच देवळाची आणखी एक कथा अशी की, दारासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागे हाकलले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागच्या बाजूला का, याचे उत्तर भाविक या कथेतच देतात. दोन्ही कथांचा रोख सारखा आहे. पहिलीत देवाला ठरावीक जागा उरत नाही, दुसरीत देव हाकललेल्या माणसाकडे वळतो.

कुत्रा येतो तो यानंतर. देव सगळीकडे आहे हे वाक्य पाठ करणे कठीण नाही. विसोबांनी ते शिकवले आणि कुत्र्याने त्याची परीक्षा घेतली, असा या कथांचा क्रम लागतो. ही परीक्षा मोठी बारकाईने रचलेली आहे. कुत्र्याने भाकर मागितलेली नाही, पळवली आहे. दारात आलेल्या याचकाला वाढण्याचे पुण्य इथे लागू होत नाही, कारण समोर याचक नसून चोर आहे. तो आभार मानणार नाही, आशीर्वाद देणार नाही, उद्या ओळख दाखवेलच असेही नाही. शिवाय मागे धावणारा माणूस मारायलाच येतो, असा त्याचा आजवरचा अनुभव. म्हणजे नामदेव जितके जोरात धावतील तितका तो घाबरून अधिक पळणार. देणाऱ्याच्या भल्या हेतूवर घेणाऱ्याने विश्वास ठेवावा, अशी सोयही कथेने ठेवलेली नाही.

आणि तूप. भाकर गेली तर जाऊ दे, एवढे म्हणणे हीही उदारता झाली असती, आणि बहुतेक उदारता तिथेच थांबते. नामदेव पुढचा विचार करतात: घास कोरडा आहे. ज्वारीची शिळी भाकर कोरडी खाल्ली की घशात अडकते, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. स्वतःच्या ताटात भाकरीवर जे घेतले असते तेच त्याच्याही भाकरीवर हवे, हा हिशेब दानाचा नाही. तो पंगतीतला आहे: शेजारच्या पानात तूप वाढायचे राहिले, हे ज्याच्या लक्षात येते त्याचा.

इथे एक जुनी शंका उभी राहते. परक्यात देव आहे म्हणून त्याची सेवा करायची असेल, तर सेवा त्या परक्याची होते की देवाची? भुकेला माणूस हे देवापर्यंत जाण्याचे निमित्त ठरले, तर त्याची भूक दुय्यम होते. पुण्यासाठी केलेल्या अन्नदानात हे सर्रास घडते. पंगत कुणाच्या नावाने बसली याची पाटी मोठी आणि वाढप घाईचे. शंका खरी आहे आणि ती नास्तिकांनीच काढली असेही नाही. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण केलेल्या ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीतल्या दयेचे वर्णन केले आहे. तिथे दया पौर्णिमेच्या चांदण्यासारखी सांगितली आहे. शीतलता देताना लहानमोठा निवडत न बसणारी. पुढे पाण्याचा दाखला येतो: वाटेतला खोलगट भाग भरल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही, तसे थकलेल्याला निववूनच दयाळू माणूस पुढे जातो. या दृष्टान्तांत हेतूला जागाच नाही. पाणी खड्डा भरते ते पुण्यासाठी नव्हे, आणि खड्ड्यात देव आहे अशी आधी खात्री करून घेऊनही नव्हे. उतार दिसला की ते वळते. दयेच्या मागे देव शोधण्यापेक्षा दया हेच देवाचे वाहणे मानले, की शंकेतला ‘देवासाठी की माणसासाठी’ हा तुकडा पडत नाही.

अर्थात, वाहते पाणी आणि स्वार्थी माणूस यांत अंतर आहेच. म्हणूनच परंपरेला कथांची गरज पडली असावी. भागवताच्या नवव्या स्कंधातला राजा रंतिदेव अठ्ठेचाळीस दिवस उपाशी राहतो. मग अन्न मिळते आणि एकामागून एक पाहुणे येतात: आधी ब्राह्मण, मग शूद्र, मग कुत्र्यांचा लवाजमा घेतलेला माणूस. रंतिदेव कुत्र्यांसकट सगळ्यांना वाढतो. शेवटी उरलेले पाणीही तो अंत्यज मानलेल्या तहानलेल्याला देतो. त्यानंतर देव खऱ्या रूपात प्रकटतात. नामदेवांच्या कथेतही अनेक कीर्तनकार शेवटी कुत्र्याच्या जागी विठ्ठल उभा करतात. श्रोत्यांना ते आवडते, पण कथेचे बळ त्याने कमीच होते. कुत्रा शेवटी विठ्ठलच निघणार असेल, तर खऱ्याखुऱ्या कुत्र्याच्या वाट्याला काय आले? रंतिदेवाच्या गोष्टीत निदान एवढी सावधगिरी आहे की, प्रकटलेल्या देवांकडे राजा काहीच मागत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडतो. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा देणाऱ्यांना तिथे राजा सांगतो की, ते सारे मलाच मिळाले. आणि देणारे चकित होतात, कारण त्यांना ते ठाऊक नव्हते. तिथे न कळता दिलेले खरे ठरते. नामदेवांना मात्र ठाऊक आहे, ठाऊक असूनच ते धावतात. पहिल्या वाटेत हेतूला हाव चिकटत नाही. दुसरीत पाहण्याची सवय लागते, आणि सवय लागली की समोरचा कोण याची चौकशी करावी लागत नाही. वारकरी परंपरेचा कल या दुसरीकडे आहे. डोळ्यांना वळण लावता येते, यावर तिची भिस्त आहे.

या वळणाची रोजची शाळा म्हणजे वारी. वारीत एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. हे नाव मुळात ज्ञानेश्वरांचे. पण पाणी मागणाराही माउली, गर्दीत चुकून पायावर पाय देणाराही माउली. अनोळखी माणसाचे नाव विचारावे लागत नाही, कारण सगळ्यांना एकच नाव आधीच दिलेले आहे. भेटल्यावर दोघेही एकमेकांच्या पाया पडतात; कोण मोठा हे ठरवण्याआधीच दोघे वाकलेले असतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सेनगाव, औंढा नागनाथ, जवळा बाजार असा हिंगोली जिल्हा ओलांडून परभणीकडे जाते. आषाढीच्या आधीचे हे दिवस पेरणीच्या घाईचे. त्या घाईतही वाटेवरच्या गावांत चहा, पोहे, पिठलंभाकर घेऊन लोक रस्त्यावर येतात. ज्याला खाऊ घातले तो वारकरी पुन्हा भेटेल, अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही.

पण परके म्हणजे फक्त दुरून आलेले नव्हेत. गावातलीच काही माणसे शतकानुशतके परकी ठेवली गेली. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रांजण भरून पाणपोई घालणे हे पुण्याचे काम; त्याच समाजात काहींच्या ओंजळीत वरून, अंतर राखून पाणी ओतले जाई. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो पाण्यासाठीच. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा मुलांना शाळेतच सांगितली जाते. गाढवाला पाणी पाजण्याचे कौतुक करणाऱ्यांनीच माणसाला तळे बंद केले, ही विसंगती दयेच्या कोणत्याही चर्चेतून वगळता येत नाही. पंढरपुरात तर ती दगडात कोरल्यासारखी दिसते. महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनीच आणल्या, असे परंपरा सांगते. तरीही ते देऊळ दलितांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. भूतदया आणि समता या एकच गोष्ट नव्हेत. कुत्र्याला तूप देणाऱ्याला मान फार तर स्वतःहून थोडी वाकवावी लागते, पण बरोबरीने बसू देणाऱ्याला आपली जागाच सोडावी लागते.

नामदेव स्वतः पुढे परके झाले. परंपरेनुसार आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी पंजाबात काढली. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान त्यांच्या नावाने ओळखले जाते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि म्हणूनच पंजाबातून भाविक नर्सीला येतात. हिंगोलीला लागून असलेल्या नांदेडच्या गुरुद्वारात लंगर चालतो. तिथे जमिनीवरच्या पंगतीत जात, धर्म, गाव यांची विचारपूस नसते. लंगरात शिजवणारा, वाढणारा, ताटे घासणारा कुणीही असू शकतो, त्यामुळे देणारा आणि घेणारा या जागा पक्क्या राहत नाहीत. जी अदलाबदल वारीत पाया पडताना क्षणभर घडते, ती इथे रोजच्या व्यवस्थेत बसवलेली आहे.

विसाव्या शतकात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) याच विचाराला विटा-चुन्याचे रूप दिले. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या, कारण देवाच्या गावी आलेल्या गरिबाला रात्री पाठ टेकायला जागा नसे. कीर्तनात ते देवाबद्दल श्रोत्यांना उलटे प्रश्न विचारत, स्वतःच्या पायाला हात लावू देत नसत, आणि गावात आल्यावर आधी झाडू हातात घेत. चोखामेळ्याच्या नावाची पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी दिली. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईत आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग यांना आसरा देते. अशा माणसाची गरज नामदेवांच्या कुत्र्याइतकीच बारीक असते: उपचार दवाखान्यात मिळतो, पण आंघोळीचे पाणी, पथ्याचे जेवण आणि रात्री जवळ बसणाऱ्याला अंथरूण हे कुणीतरी लक्षात ठेवावे लागते.