दोन बोटं जागा

हे मनन डोळे मिटून करायचं नाही. मोरीत किंवा स्वयंपाकघरात, जिथे पालिकेचा नळ थेट येतो, तिथे उभं राहायचं. आणि तेही पाणी जायच्या वेळेला. पाणी यायच्या वेळी घरात धांदल असते. पिंपं, हंडे, कळश्या, आरडाओरडा. जायच्या वेळेकडे कुणाचंच लक्ष नसतं. आज तेवढा वेळ काढू.

धार बारीक होते, वेडीवाकडी होते, तुटते. थेंब पडू लागतात. तोटी लगेच बंद करू नका. नळाच्या तोंडाशी ओला तळहात धरा. तुमचं घर चढावर किंवा वरच्या मजल्यावर असेल, तर बहुतेक वेळा एक बारीक फुसफुस ऐकू येईल आणि तळहाताला गार लागेल. नळ वारा आत ओढतो आहे. आत्तापर्यंत जे तोंड देत होतं, ते आता घेतं आहे.

इथे थोडं थांबा. जमिनीखाली काय चाललं असेल, ते मनाने बघा.

चावीवाल्याने चौकातला व्हॉल्व्ह फिरवला. जलकुंभाकडून येणारं पाणी थांबलं. पण पाइपात जे भरलेलं होतं ते थांबलेलं नाही. ते उताराकडे सरकतं आहे, खालच्या आळीतल्या उघड्या नळांतून वाहून जातं आहे. ते पुढे गेलं की मागे दाब उतरतो, बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, आणि मग जिथे वाट मिळेल तिथून बाहेरचं आत शिरतं. शहाळ्यात नळी घालून आपण ओढतो तसंच हे, फक्त ओढणारं तोंड इथे अख्ख्या गल्लीचं आहे. या ओढीला फार मोठा उतार लागत नाही. खालचा नळ तुमच्यापेक्षा पुरुषभर खाली असला, तरी बादलीतलं पाणी नळापर्यंत चढायला तेवढं बस्स होतं.

आता बादली मनासमोर आणा. नळाला रबरी नळी खोचलेली आहे. पाणी उडू नये, आवाज होऊ नये म्हणून तिचं टोक बादलीच्या तळाशी सोडलेलं. असं आपण सगळेच करतो. तोटी उघडी आहे आणि पाणी गेलं आहे. बादलीत काय आहे? साबणात भिजवलेले कपडे असतील. फरशी पुसल्याचं फिनेलचं पाणी असेल. शेतावरच्या घरी फवारणीचं औषध कालवलेलं पिंप असेल. नळी तोंड बुडवून बसली आहे आणि दुसऱ्या टोकाला ओढ आहे. बादलीची पातळी दोन बोटं उतरली, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. उद्या पाणी सुटेल तेव्हा ती दोन बोटं कुठल्या तरी घरच्या हंड्यात असतील. आपण स्वतः ते पिणार नाही, बहुतेक खालच्या घरातलं कुणीतरी पिईल. हा विचार सुखाचा नाही, पण तो लगेच झटकू नका.

पाण्याला स्वतःची अशी दिशा नसते, जिकडे दाब कमी तिकडे ते जातं. 'सार्वजनिक नळ' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर आपल्याकडे येणारी धार असते. प्रत्यक्षात तो नळ गावातल्या प्रत्येक बादलीला, प्रत्येक टाकीला, गटाराशेजारच्या प्रत्येक फुटक्या सांध्याला जोडलेला आहे आणि त्या जोडणीला दोन्ही बाजूंनी वाट आहे.

यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मोकळी जागा. नळाचं तोंड आणि भांड्याचा काठ यांच्यामध्ये हवा. नळाच्या व्यासाच्या दुप्पट आणि कमीत कमी पंचवीस मिलिमीटर, असा त्याचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे साध्या अर्धा इंची नळाला एक इंच, आपल्या भाषेत दोन बोटं. या जागेला स्प्रिंग नाही, वायसर नाही, गंज चढत नाही. ओढ कितीही असो, नळ हवा पिईल, पाणी पिऊ शकणार नाही. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवला की निश्चिंत, असं प्लंबर सांगतात. पण त्याच्या झडपेखाली रेतीचा एक कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि हे बाहेरून कुणाला दिसत नाही. म्हणून असल्या झडपा नेमाने तपासाव्या लागतात. मोकळी जागा तपासायला डोळे पुरतात.

एकदा लक्षात आलं की ही जागा घरभर दिसू लागते. बेसिनचा नळ काठाच्या वर का, खाली का नाही? फ्लशला मध्ये टाकी कशाला, सरळ पाइप का नाही? गच्चीवरच्या टाकीत पालिकेचं पाणी वरून पडतं, तिथेही तीच जागा आहे. मात्र रात्री धबधब आवाज येतो म्हणून कुणीतरी त्या तोंडाला पाइपाचा तुकडा जोडून तो टाकीच्या तळापर्यंत नेलेला असतो. रविवारी वर जाऊन एकदा बघा. तुकडा असेल तर काढा. आवाज सहन करा.

आता एका गल्लीत जाऊ. आपल्या निमशहरी भागांत अशा गल्ल्या कितीतरी आहेत. लाइनच्या टोकाला प्रेशर नाही, पाणी नळापर्यंत चढत नाही. मग माणसं दारात खड्डा खणतात, पाइप कापून नळ जमिनीखाली नेतात. बाई वाकून, कधी खड्ड्यात उतरून, वाटीवाटीने कळशी भरते. तोटी नसते, लावली तर तेवढीही धार मिळत नाही. पाणी गेलं की खड्डा रिकामा राहत नाही. सांडलेलं पाणी, भांडी घासलेलं पाणी, पावसात रस्त्यावरचं पाणी त्यात उतरतं. पाइपाचं उघडं तोंड त्यात बुडालेलं. कडेला शेवाळ, वर एखादी प्लास्टिकची पिशवी. त्या तोंडाकडे सावकाश बघा. वर सांगितलेली ओढ इथे लागली तर आत काय जाईल, हे वेगळं सांगायला नको.

हे फक्त गरीब गावात होतं असं वाटत असेल, तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात चला. साल 1969. होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ ऑगस्टच्या उन्हात सराव करतोय. मैदानाला पाणी द्यायचे नळ जमिनीखालच्या खड्ड्यांत बसवलेले आहेत आणि त्याच लाइनवर पुढे खेळाडूंचा पिण्याचा नळ आहे. शेजारच्या घरातली लहान मुलं त्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात खेळत. त्यांना काविळीची लागण झालेली होती. एके दिवशी जवळपास आग लागली. बंबांनी मेन लाइनमधून इतकं पाणी खेचलं की मैदानाच्या पाइपात उलटी ओढ बसली आणि खड्ड्यांतलं पाणी आत गेलं. कुणाला काही दिसलं नाही, वासही आला नाही. खेळाडूंनी सराव केला, पाणी प्यायले. हिपॅटायटिस एचा विषाणू अंगात साधारण चार आठवडे गप्प असतो. हार्वर्डविरुद्धचा सामना हरले, डार्टमथविरुद्धचा हरले, पोरं थकलेली का दिसतात ते प्रशिक्षकांना कळेना. मग रक्त तपासलं. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून 97 जणांपैकी 90 जणांना लागण झालेली निघाली. उरलेला हंगाम रद्द झाला.

आग विझवणारे आपलं काम करत होते. मुलं खेळत होती. माळी मैदानाला पाणी देत होता. मला या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करतं ते हेच, की दोष ठेवायला माणूस सापडत नाही. दोष सगळा त्या नळाच्या उंचीत आहे.

कधी अख्खी नदीच उलटी येते. 1955 च्या पुरानंतर दिल्लीत यमुनेने पात्र बदललं आणि नजफगढ नाल्याचं मैलापाणी वझीराबादला, जिथून शहराचं पाणी उचलतात, तिथवर मागे सरकलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांना ते कळलं होतं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. जिवाणू मेले, टायफॉइडची साथ आली नाही. विषाणू मात्र टिकला. त्या हिवाळ्यात दिल्लीत 29 हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे 1980 च्या सुमारास तपासले गेले, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते. ती नेहमीची 'ए' किंवा 'बी' कावीळ नव्हती. तिला आज आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. गरोदर बायकांना ती फार घातक ठरते. पाण्यात क्लोरीन आहे ना, क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट पिवळी आली ना, मग झालं, असं म्हणणाऱ्याने दिल्लीचा तो हिवाळा आठवावा.

पुन्हा गल्लीत येऊ. तिथे आणखी एक गोष्ट बघायची राहिली आहे. पाणी सुटल्याबरोबर दोन-तीन घरांतून घरघर सुरू होते. थेट लाइनला मोटर लावलेली आहे. बेकायदा आहे, सगळ्यांना माहीत आहे, पालिका अधूनमधून मोटरी जप्तही करते. ती मोटर पाणी ओढते म्हणजे सबंध लाइनचा दाब उतरवते. शेजारचा खड्डा आणि गटाराकडेचा फुटका सांधा तिला सारखेच. मोटर लावणाऱ्यावर रागवायला सोपं आहे. पण दिवसाआड तासभर पाणी, तेही अर्ध्या रात्री, असं असताना घरातलं माणूस दुसरं काय करणार?

म्हणून मला वाटतं, या विषयातलं ओझं घरातल्या बाईच्या डोक्यावर देऊन सुटता येणार नाही. हुबळी-धारवाडला संशोधकांनी चोवीस तास पाणी असलेले भाग आणि ठरावीक वेळी पाणी येणारे भाग शेजारी शेजारी ठेवून नमुने तपासले. ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्यात दूषितपणा जास्त वेळा सापडला, आणि तो विशेषकरून पाणी नुकतंच सुटल्यावर आणि प्रेशर कमी असताना. पाइप सतत भरलेला राहिला तर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळतं, गटार आत येत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे, तेव्हा हे लहान गावाला झेपत नाही असंही नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते आहे. नळीचं टोक भांड्याच्या काठाच्या दोन बोटं वर राहील एवढी ती कापून टाका. पाणी गेलं की तोटी बंद करा. पहिलं पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नका, ते झाडांना किंवा मोरीला जाऊ द्या. खड्ड्याचं मात्र एवढ्यावर भागत नाही. नळ दोन हात वर घ्या असं त्या बाईला सांगितलं, तर ती विचारेल, वर घेतल्यावर पाणी येईल का? तिचा प्रश्न रास्त आहे. तो खड्डा बुजवायचा तर आधी त्या टोकाला प्रेशर द्यावं लागेल, आणि ते पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचं काम आहे.