आपत्काल आणि ईश्वरी मार्गदर्शन

पुणे जिल्ह्याचा पश्चिम मुलूख आणि पूर्व मुलूख एकाच कलेक्टराच्या अमलाखाली असले, तरी पावसाने त्यांची फार पूर्वीच वाटणी करून टाकलेली आहे. आंदर मावळातील टाकवे बुद्रुकसारख्या गावी आषाढात भातखाचरे तुडुंब भरतात, आणि त्याच सुमारास दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. तथापि पावसाची विपुलता म्हणजे संकटापासून सुटका नव्हे. टाकव्यावरून खोऱ्यात वर गेले की ठोकळवाडीच्या धरणाचा जलाशय लागतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विजेसाठी तो बांधला गेला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आपत्ती कधी आभाळातून येते, कधी सरकारी हुकमातून, कधी घरातल्या आजारपणातून. आणि ती आली म्हणजे आम्ही ख्रिस्ती माणसे प्रार्थनेला बसतो व ‘प्रभू वाट दाखवील’ असे एकमेकांना सांगतो.

हे आश्वासन खरे आहे, अशी माझी श्रद्धा आहे. परंतु पुष्कळदा त्याचा उपयोग निर्णय तहकूब ठेवण्यासाठी केला जातो, हेही मी पाहिले आहे. कर्ज वाढत असते, मुलीचे शिक्षण थांबलेले असते, अन्याय करणारा उघड दिसत असतो, आणि आपण मात्र देवाच्या संकेताची वाट पाहत स्वस्थ राहतो व त्या स्वस्थतेलाच विश्वास समजतो. ईश्वरी मार्गदर्शन माणसाला जबाबदारीतून मोकळे करीत नाही. ते त्याच्यावर अधिक जड जबाबदारी टाकते, असे मला वाटते. याची सर्वांत सबळ साक्ष आपल्याच जिल्ह्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंच्या कार्यात आहे.

रमाबाईंचे नाव सुशिक्षितांना ठाऊक असते. त्यांच्या श्रद्धेचा आरंभ कोठून झाला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि निष्ठावंत ब्राह्मण. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याच्या अपराधाबद्दल स्वजनांचा रोष पत्करून त्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, तिने पुढे मुलीला शिकविले, आणि पुराणे सांगत सारे कुटुंब तीर्थाटन करीत राहिले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नाचे दुर्भिक्ष पडले, तेव्हा गाठीचे द्रव्य दानधर्मात व देवकार्यात संपलेले, अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत हे कुटुंब रानातला पाला खाऊन राहिले. प्रथम वडील गेले, काही आठवड्यांनी आई, आणि पुढे बहीण. उरलेली दोघे भावंडे हिंदुस्थानभर पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या; १८८० मध्ये भाऊ वारला; आणि विवाहाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८८२ च्या आरंभी, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. वय अवघे तेवीस, कडेला मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

येथे प्रत्येक प्रामाणिक वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. अनंतशास्त्र्यांची भक्ती काय कमी होती? त्यांनी देवाला हाक मारली नव्हती काय? ज्या मुलीने आईबापांच्या प्रार्थना अनुत्तरित राहिलेल्या डोळ्यांनी पाहिल्या, तिने पुन्हा कोणत्याही ईश्वरावर भरवसा ठेवावा तरी कोणत्या आधारावर? ‘ते चुकीच्या देवाला शरण गेले होते’ असे उत्तर काही धर्मबंधू देतात. मला ते उथळ आणि निर्दय वाटते. ख्रिस्ती घरांतही माणसे उपाशी मेलेली आहेत. खुद्द रमाबाईंचा मार्गही सरळ नव्हता. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, परंतु त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांनी आपल्या साक्षीत पुढे स्पष्टपणे लिहिले. तो अनुभव यायला आणखी आठेक वर्षे जावी लागली. मधल्या काळात, वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्या तत्त्वविषयक वाद घालीत राहिल्या आणि धर्माधिकाऱ्यांचा शब्द हाच ईश्वराचा शब्द मानण्याचे त्यांनी नाकारले. मार्गदर्शन मागणाऱ्याने विचार गहाण टाकावा, असे त्यांना कधीच वाटले नाही.

मग फरक कोठे पडला? १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली, तेव्हा रमाबाईंपुढे अडचणींचा डोंगर होता. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्यास आणलेले त्यांचे शारदा सदन हे विधवांचे विद्यालय धर्मांतराच्या वादात सापडून अनेक प्रतिष्ठितांचा पाठिंबा गमावून बसले होते, आणि अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांसाठी दिलेल्या मदतीची मुदत संपत आली होती. हिशेबाच्या दृष्टीने ही वेळ घरात बसण्याची होती. त्या गेल्या, आणि शेकडो भुकेल्या मुली व विधवा घेऊन परतल्या. त्यांना वेगळा आकाशसंदेश मिळाला म्हणून नव्हे. रानातला पाला खाल्लेल्या मुलीला उपासमार म्हणजे काय ते ठाऊक होते, पवित्र शास्त्रात पोरक्याविषयी काय सांगितले आहे तेही ठाऊक होते, आणि या दोहोंच्या मध्ये उभे राहून केलेल्या प्रार्थनेचे उत्तर शंकेला जागा ठेवीत नव्हते. पूर्वीच्या यातनेचा अर्थ त्यांना कोणी समजावून दिला नाही. त्या यातनेला काम मात्र मिळाले. माझ्या मते आपत्काळातील मार्गदर्शन बहुधा याच रीतीने येते.

पुढे प्लेगमुळे पुण्यात निर्बंध आले, तेव्हा फळबागेसाठी घेऊन ठेवलेल्या केडगावच्या जमिनीवर त्यांनी या मुलींना नेले आणि तेथे विहिरी खोदविल्या. त्याच १८९७ साली, प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात त्यांनी उघड लिहिले, आणि सरकारची इतराजी ओढवून घेतली. देवावर भार टाकणारी स्त्री अधिकाऱ्यांच्या अन्यायापुढे गप्प बसली नाही, हे मावळातील धरणग्रस्तांच्या वारसांनी विशेष ध्यानात घ्यावे. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावच्या या ‘मुक्ती सदना’ची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज अन्न पुरवायचे, ठराविक उत्पन्न नाही, आणि गरज प्रार्थनेत मांडायची; पण त्याबरोबर शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींचे शिक्षण, सारे चालू ठेवायचे. प्रार्थना आणि पाटाचे पाणी यांत त्यांनी कधी विरोध मानला नाही.

या श्रद्धेने त्यांना दुःखापासून वाचविले, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. जिच्यावर संस्थेचा भार सोपवायचा, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी वारली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सामान्य बायामाणसांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवीत होत्या. कन्येच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते काम सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे मुक्ती सदनातील मुलींनीच जुळविले होते.