पात्म बेटावरचा योहान कोण?

वाचन : प्रकटीकरण १:१-११

शब्बाथशाळेच्या वर्गात प्रकटीकरण उघडले की एक प्रश्न हमखास येतो. हे पुस्तक लिहिणारा योहान म्हणजे प्रभूचा प्रिय शिष्य, जब्दीचा मुलगा, तोच ना? शिक्षक झटकन 'होय' म्हणतात. मग एखादा चौकस मुलगा विचारतो, "पण तसे पुस्तकात कुठे लिहिले आहे?" अशा मुलाला पुष्कळदा विश्वासात कच्चा ठरवून खाली बसवले जाते. हे बरे नव्हे. त्याने शास्त्र नीट वाचले, म्हणून तर त्याला प्रश्न पडला.

पुस्तकात खरोखर काय आहे ते पाहू. लेखक आपले नाव योहान असे सांगतो. तो स्वतःला देवाचा दास म्हणतो, वाचकांचा भाऊ आणि संकटातला भागीदार म्हणतो. प्रेषित असे तो स्वतःस कोठेही म्हणत नाही. एकविसाव्या अध्यायात नगरीच्या पायांवर बारा प्रेषितांची नावे त्याला दिसतात; त्यांत आपलेही आहे असे तो सुचवीत नाही. उलट चौथ्या शुभवर्तमानाचा लेखक आपले नाव मुळीच घालीत नाही.

प्राचीन मंडळीत पुष्कळांनी त्याला प्रेषितच मानले. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर तसे लिहितो. पुढे आयरेनियसही तेच सांगतो, आणि हा दृष्टांत दोमितियन बादशहाच्या कारकिर्दीच्या अखेरीस झाला असे म्हणतो. दोमितियन इ. स. ९६ मध्ये मारला गेला. या साक्षी हलक्या नाहीत.

तरी शंका घेणारा निघाला, आणि तो कोणी नास्तिक नव्हता. तिसऱ्या शतकात आलेक्झांद्रियाच्या मंडळीचा बिशप दियोनिसियस होता. त्याची हकिकत युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासात जपून ठेवली आहे. मिसर देशात नेपोस नावाचा एक बिशप होऊन गेला. प्रकटीकरणातील हजार वर्षांचे राज्य म्हणजे याच पृथ्वीवरचे देहसुखाचे राज्य, अशी त्याची शिकवण होती. तिच्यापायी अर्सिनोए भागातल्या मंडळ्यांत फूट पडली. दियोनिसियस तेथे गेला. गावोगावचे वडील व शिक्षक बोलावले, आणि नेपोसचे पुस्तक पुढे ठेवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत असे तीन दिवस चर्चा केली. (आपल्या कमिटीच्या सभा तीन तासांत कशा तापतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी याचा विचार करावा.) कोणी हट्ट धरला नाही. त्या पक्षाचा पुढारी कोराकियोन याने शेवटी सर्वांसमक्ष आपले मत सोडले. नेपोस तेव्हा मरण पावला होता. त्याच्या विश्वासाविषयी व भजनांविषयी दियोनिसियस प्रेमानेच लिहितो.

आता त्याला एक सोपी वाट होती. हे पुस्तक केरिंथ नावाच्या पाखंड्याने योहानाचे नाव घालून लिहिले, असे काहीजण आधीच म्हणत होते. तसे म्हटले असते तर वादाचे मूळच उपटले असते. त्याने ते केले नाही. पुस्तक नाकारण्याचे धाडस मी करणार नाही, त्याचा अर्थ माझ्या बुद्धीपलीकडचा आहे, अशा आशयाचे तो लिहितो. लेखक योहान नावाचा पवित्र व देवप्रेरित मनुष्य आहे हेही तो मानतो. फक्त तो जब्दीचा मुलगा असावा हे त्याला पटत नाही.

त्याची कारणे आजही विद्वान वापरतात. शुभवर्तमानाची ग्रीक भाषा शुद्ध आहे, प्रकटीकरणाची जागोजाग अडखळते. पहिल्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात, मराठीत 'त्याच्यापासून' ऐवजी 'तो पासून' म्हणावे, तसा प्रयोग आहे. देवाचे नाव विभक्तीत वाकवू नये म्हणून तो मुद्दाम केला असेल, असेही काहींना वाटते. शिवाय इफिसात योहानाच्या म्हणून दोन कबरी दाखवीत, याकडेही दियोनिसियस बोट दाखवतो. मात्र प्रभूला शब्द ही संज्ञा शुभवर्तमानाच्या आरंभी आहे आणि प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायातही आहे. जिवंत पाण्याचा विषय दोन्हीकडे आहे. म्हणून हा वाद एका फटक्यात निकालात निघत नाही.

माझ्या मते शिक्षकाने वर्गात हे सरळ सांगावे : नाव योहान हे नक्की, तो आसियातल्या सात मंडळ्यांना ओळखीचा होता हेही नक्की, तो प्रेषितच का याविषयी भक्तिमान माणसांत मतभेद आहे. एवढ्याने मुलांचा विश्वास ढासळत नाही. ढासळतो तो, 'विचारू नकोस' असे ऐकून घरी गेलेल्या मुलाला उत्तर दुसरीकडे मिळते तेव्हा.

आणि मग दुसरा व तिसरा अध्याय वाचावा. लेखकाला आपला अधिकार दाखवायचा असता तर प्रारंभीच जागा होती. त्याने तेथे पात्म बेट सांगितले, आणि देवाच्या वचनामुळे आपण तेथे होतो एवढेच सांगितले. इफिसकरांची प्रीती उणी झाली, लावदिकीयेचे लोक कोमट झाले, हे तो लपवीत नाही. पण ते शब्द आपले नव्हेत, प्रभूचे आहेत, हे प्रत्येक पत्राच्या आरंभी येते. पर्गमाच्या पत्रात अंतिपा नावाच्या एका विश्वासू साक्षीदाराचा उल्लेख आहे. तो त्या नगरात मारला गेला. सगळ्या नव्या करारात त्याचे नाव दुसरीकडे कोठेही नाही. स्वतःच्या बापाचे नाव न लिहिणाऱ्या योहानाने त्या माणसाचे नाव मात्र लिहून ठेवले.