आकड्याची मुदत

मार्चच्या मध्यावर गेटचा निकाल लागतो. एम.टेक.साठी इच्छानाथच्या एसव्हीएनआयटीत किंवा एखाद्या आयआयटीत जागा मिळावी म्हणून सुरतेतली बरीच मुलं वर्षभर या परीक्षेमागे असतात. त्यांत लिंबायत, उधना, डिंडोली भागातली, खानदेशातून आलेल्या कुटुंबांतली मुलंही आलीच. निकालाच्या दिवशी बहुतेकांच्या पदरी अपेक्षेपेक्षा कमी आकडा पडतो.

यात नवल काही नाही. खुल्या वर्गासाठी पात्रतेची रेषा कशी आखतात, ते पाहावं. शंभरपैकी 25 गुण, किंवा त्या पेपरची सरासरी अधिक एक प्रमाण विचलन, यांतला जो आकडा मोठा तो. म्हणजे सरासरी इतके गुण मिळवणारा पात्र ठरणार नाही, हे पेपर हातात पडण्याआधीच ठरलेलं असतं. थोड्या जागांसाठी पुष्कळांना गाळणं हे या परीक्षेचं काम, आणि ते ती चोख करते. माणसाची कुवत ठरवायचं काम तिला कोणी दिलेलं नाही. ते आपणच निकालाच्या रात्री तिच्याकडे सोपवतो.

या मुलांच्या घरांत कुणी ना कुणी लूमवर काम केलेलं असतं. ताग्यात दोष निघाला तर कारागीर माग भंगारात काढत नाही, धागा कुठं तुटला ते शोधतो. पेपरकडेही तसंच पाहावं. गेटमध्ये आपण दिलेली उत्तरं आणि अधिकृत उत्तरसूची दोन्ही बघायला मिळतात. ती समोर ठेवून चुकलेल्या प्रश्नांचे तीन गट करावेत: येतच नव्हतं ते, येत असून चुकलं ते, आणि अंदाजानं ठोकलं ते. बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापले जातात. अंदाजाचा गट मोठा निघाला, तर पुढच्या वर्षी निव्वळ संयमानंही स्कोर वाढेल. पहिला गट मोठा असेल तर मात्र स्वतःला खरं विचारावं: हा विषय आणखी एक वर्ष देण्याइतका आपल्याला आवडतो का?

आता एक जुनी गुणपत्रिका. 1907 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्या एका विद्यार्थ्याला 750 पैकी 282 गुण मिळाले होते. शंभरात 38 सुद्धा नाहीत. संस्कृत शिकायची इच्छा असून जातीमुळे ते नाकारलं गेलं, म्हणून फारसी घ्यावी लागली होती. अभ्यास चालायचा तो परळच्या चाळीतल्या एका खोलीत. हे सगळं त्या 282 मध्ये कुठंच दिसत नाही. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर.

बाबासाहेबांनाही कमी गुण होते, एवढं सांगून पाठ थोपटण्यात मात्र अर्थ नाही. त्या गुणांनंतर पुढची दारं कशी उघडली, ते शिकण्याजोगं आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेत भरला होता. पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्याला सयाजीराव गायकवाडांसमोर उभं केलं. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1912 मध्ये बी.ए., 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या खर्चानं न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, आणि पुढे कोलंबिया व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरेट.

आजच्या अर्जाला लागतं तेच तेव्हाही लागलं. शिफारस अशा माणसाची, ज्यानं आपल्याला काम करताना पाहिलं आहे. विभागप्रमुखाच्या दोन कोरड्या ओळींपेक्षा प्रोजेक्टवर रोज सोबत असलेल्या सरांचं एक पान मोलाचं. मुलाखतीत अभ्यासक्रमापलीकडचं वाचन उपयोगी पडतं. कमी स्कोरबद्दल विचारलंच, तर खरं कारण एका वाक्यात सांगावं आणि आपण केलेल्या कामाकडे वळावं. लांबलचक सफाई कोणालाच पटत नाही. दारही एकच नसतं. गेटमध्ये पात्र न ठरलेल्यांना गुजरातेत पीजीसीईटीची वाट आहे. परदेशात जाणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या कितीतरी विभागांनी जीआरईची सक्ती उठवली आहे. काही दारं बंद होतात हेही खरं. जिथं कटऑफ वर गेला, तिथं यंदा जागा नाही. त्याचं वाईट वाटणारच, वाटू द्यावं.

बाबासाहेबांच्या चरित्रात सुरतही येते. 1913 च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईला निघाले असता वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले, आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजी सुभेदारांचे अखेरचे क्षण उरले होते. 2 फेब्रुवारीला वडील गेले. 282 गुणांची भरपाई पुढच्या परीक्षांनी केली. सुरत स्टेशनवर गेलेली ती एक रात्र मात्र कशानंच भरून येणारी नव्हती.

भरून येणारं नुकसान कोणतं आणि न येणारं कोणतं, हा फरक निकालाच्या दिवसांत हमखास विसरला जातो. गेटचा स्कोर तीन वर्षं चालतो, जीआरईचा पाच. त्यानंतर ज्या संस्थांनी तो आकडा दिला, त्याही तो विचारात घेत नाहीत. परीक्षा घेणाऱ्यांनीच ज्याला मुदत घातली, तो आकडा आपण जन्मभर का वागवायचा? उलट, त्या आकड्यापायी घरात जो अबोला सुरू होतो, त्याला मुदत नसते. आई विचारते, "लागला का रे निकाल?" मुलगा सांगतो, "साइट चालत नाहीये." मग तो एक दिवसाचा बहाणा महिनाभर पुरवावा लागतो. बारा तासांची पाळी करून आलेले वडील विचारायचं सोडून देतात. दोघंही एकमेकांना जपायला म्हणून गप्प राहतात, आणि मधले दिवस परत मिळत नाहीत.

म्हणून स्कोर कमी आला असेल तर तो आजच घरात सांगा, आकड्यासकट. आईवडिलांनो, तो ऐकल्यावर शेजारच्या मुलाला किती मिळाले, एवढं मात्र विचारू नका. उद्या सकाळी उत्तरसूची उघडा आणि तुमचं काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्या सरांना किंवा मॅडमना फोन करा.