सहलीत विश्रांती कोणाची?

सुट्टीत आम्ही निजामपुऱ्यातल्या मैत्रिणी जांबुघोड्याला जातो. बडोद्याहून साधारण ७० कि.मी., साग-मोहाचं जंगल, १९९० पासून अभयारण्य. छोटं कॉटेज, आयता चहा! घर सांभाळणाऱ्या बायकांना हे सुख हवंच.

पण तिथे आपल्यासाठी मक्याचे रोटले थापणारी बेनही गृहिणीच ना? चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचून मग ती चुलीशी बसते. तिच्या कष्टांवर आपण विसावा घ्यावा का?

घ्यावा; तिलाही त्यातून चार पैसे मिळतात. मात्र पैसे दिले म्हणजे ऋण फिटलं, असं नाही. कष्टांचं मोल होतं, मायेचं होत नाही.

म्हणून एवढं करू या: तिचं नाव विचारू, आपली ताटं आपणच घासू, एकदा तिला आधी वाढू. सहलीला सुट्टी लागते, सेवेला सुट्टी नसते.

जय गुरुदेव!