भार कोणाचा?

'भार' हा शब्द आपल्या भाषेत मोठा बोलका आहे. एखाद्या गोष्टीला किती महत्त्व द्यावयाचे हे गणिती ज्या आकड्याने सांगतो तोही भार, आणि डोक्यावरचे ओझे तेही भारच. या दोन भारांचे एकमेकांशी नाते काय?

पहूरकडचा कापूस शेतातून व्यापाऱ्याच्या काट्यावर, तेथून जिनात आणि गाठी होऊन गिरणीत जातो. समजा, ही साखळी नव्याने मांडावयाची आहे. काटे पाच असावेत की दोन? प्रत्यक्ष करून पाहण्याऐवजी संगणक लुटुपुटीचे हजार हंगाम घडवून पाहतो. कधी अवकाळी पाऊस, कधी नादुरुस्त ट्रक, कधी पडलेला भाव. मग खर्च, वेळ, नासाडी, शेतकऱ्याची पायपीट अशा प्रत्येक बाबीचे गुण मांडून, त्यांना भार लावून बेरीज होते. हे भार ठरविण्याची एक रीत थॉमस साटी या गणितज्ञाने 1970 नंतरच्या दशकात सांगितली: दोन-दोन बाबी समोरासमोर ठेवाव्या आणि कोणती किती पटीने महत्त्वाची ते विचारावे. उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील तर तेही या रीतीत उघडे पडते.

परंतु सुसंगती म्हणजे न्याय नव्हे. सदैव आपल्या नफ्यालाच अग्रमान देणारा मनुष्यही अत्यंत सुसंगत असतो. शाळामास्तराला हे वेगळे सांगावे लागत नाही. गणिताला शंभर गुण आणि चित्रकलेला पंचवीस ठेवले, की पहिला नंबर कोणाचा हे पेपर तपासण्यापूर्वीच अर्धेअधिक ठरते.

पाचोरा ते जामनेर ही 56 किलोमीटरची, अरुंद रुळांची छोटी गाडी शंभर वर्षे पहूरवरून गेली. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली. अशी गाडी उत्पन्नाच्या पारड्यात हलकी भरते. पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईच्या पारड्यात तीच जड होते. गाडी एकच, भार लावणारा बदलला.

मग हा हिशेबच नको काय? तसे नाही. अंदाजाने चालणारा व्यापारीही भार लावतोच. फक्त तो मनात ठेवतो. येथे तो कागदावर लिहावा लागतो, आणि लिहिलेले वाचता येते, खोडता येते. हा या रीतीचा खरा गुण. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पाचांचे दोन काटे झाल्यावर ज्याला आपला कापूस चार कोस अधिक लांब न्यावा लागणार, तो भार ठरविताना बैठकीत असावा. भार लिहिणारा एक आणि वाहणारा दुसरा असला, तर बेरीज बिनचूक येऊनही निर्णय चुकतो.