नाव सद्भावाचे, रीत सक्तीची

इंग्रजीत 'बेनेव्होलन्स' असा एक शब्द आहे. लॅटिनमधील 'भले' आणि 'इच्छिणे' या अर्थाच्या दोन शब्दांपासून तो घडला. दुसऱ्याचे भले व्हावे ही इच्छा, हाच त्याचा मूळ अर्थ. परंतु इंग्लंडच्या इतिहासात या सुंदर शब्दाची मोठी विटंबना झाली. इ. स. १४७३ च्या सुमारास राजा चौथा एडवर्ड फ्रान्सवरील स्वारीसाठी धनिकांकडून द्रव्य घेऊ लागला, आणि पार्लमेंटच्या संमतीवाचून होणाऱ्या या वसुलीला हेच नाव मिळाले. नाव प्रजेच्या सद्भावाचे. पण राजाला 'नाही' कोण म्हणणार? १४८४ मध्ये पार्लमेंटने ही प्रथा रद्द केली. तरी पुढील राजांनी ती पुन्हा चालविली, आणि १६२८ च्या 'पिटिशन ऑफ राइट'मध्ये तिचा पुनश्च निषेध करावा लागला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे भेद सांगितले आहेत. कर्तव्यबुद्धीने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देशी, काळी व पात्री दिलेले दान सात्त्विक. मनात क्लेश पावून दिलेले राजस. द्रव्य तेच, पण अंतःकरण निराळे! म्हणून पुण्यकार्यासाठी वर्गणी मागणाऱ्यानेही सावध असावे. भिडेने वा दडपणाने घेतलेल्या पैशाला 'ऐच्छिक' म्हटल्याने तो ऐच्छिक होत नाही. उलट, जे दान सात्त्विक होऊ शकले असते ते राजस करण्यास मागणाराच कारण होतो. सद्भाव वसूल करता येत नाही. मागणाऱ्याच्या ठिकाणी देणाऱ्याच्याही हिताची इच्छा असेल, तरच तो त्याला नकाराची मोकळीक देईल; आणि त्या मोकळिकीतूनच खरे दान जन्मास येते.